लहान कुटुंबाचे आहारनियोजन : अंदाजपत्रक, पोषणमूल्य आणि ताटातील वाटप

प्रस्तावना

कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते तसतसा एकूण खर्चातील अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये मांडला. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास तो परिचित आहे. भारतातील आकडेवारीही स्थूलमानाने त्यास दुजोरा देते. राष्ट्रीय पातळीवरील घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये नागरी भागात दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये होता व त्यातील सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर खर्च होत होती. ग्रामीण भागात हाच खर्च ४,१२२ रुपये आणि अन्नाचा वाटा ४७ टक्के होता.

परंतु एंगेलचा नियम अन्नावर किती खर्च होतो एवढेच सांगतो. तो खर्च कशावर होतो हे सांगत नाही. आहारनियोजनाच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथून सुरू होतो. १९९९-२००० मध्ये नागरी कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा सुमारे १२ टक्के होता, तो २०२२-२३ पर्यंत ४ टक्क्यांच्याही खाली आला. धान्यावरील ताण असा हलका झाला असता ती मोकळी झालेली रक्कम डाळी, भाज्या, फळे यांकडे जावी अशी स्वाभाविक अपेक्षा होती. प्रत्यक्षात आज नागरी कुटुंबाच्या अन्नखर्चातील सर्वांत मोठा एकेरी वाटा पेये, तयार व प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा असून तो एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के आहे. दुसऱ्या बाजूस, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. याच वयोगटातील पुरुषांमध्ये देशपातळीवर ते २५ टक्के आहे. एकाच घरात, एकाच चुलीवर शिजणाऱ्या अन्नातून एवढी तफावत निर्माण व्हावी, याचे स्पष्टीकरण केवळ दारिद्र्यात शोधता येत नाही. शारीरिक कारणे त्यामागे आहेतच. तथापि घराचे अन्नाचे अंदाजपत्रक कोणत्या मापाने मांडले जाते, हेही त्याचे एक कारण आहे. प्रस्तुत लेखात चार माणसांच्या एका मध्यम-अल्प उत्पन्नाच्या महाराष्ट्रीय कुटुंबाचे उदाहरण घेऊन या मापाची चिकित्सा केली आहे.

गरज मोजण्याचे प्रचलित माप

भारतात अन्नाची गरज मोजताना उष्मांक हे माप दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळू शकतील इतका खर्च ही कसोटी धरली होती. धान्यटंचाईच्या त्या काळात ही कसोटी योग्यच होती. पोट भरत नव्हते, तेव्हा पोट भरणे हाच पहिला प्रश्न होता. पुढे मात्र ही कसोटी धोरणातून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून घरात अशी झिरपत गेली आणि आजही ती तेथेच आहे.

गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत अद्याप वापरली जाणारी ‘उपभोग एकक’ ही संकल्पना याच विचारातून आली. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची उष्मांकांची गरज १.० मानून इतरांची गरज त्याच्या प्रमाणात मांडली जाते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी ०.८, बारा वर्षांवरील मुलामुलींसाठी १.०, सात ते नऊ वर्षांच्या बालकासाठी ०.७ असे सहगुणक आहेत. उदाहरणादाखल घेतलेल्या कुटुंबात कार्यालयात काम करणारे वडील, घरकाम सांभाळून शिवणकाम करणारी आई, चौदा वर्षांची मुलगी व आठ वर्षांचा मुलगा आहेत. या कुटुंबाची एकूण एकके ३.५ होतात. किती धान्य, किती तेल आणावे हे ठरविण्यास हे माप उपयुक्त आहे, यात शंका नाही.

आता हेच माप लोहाला लावून पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मि.ग्रॅ., प्रौढ स्त्रीस २९ मि.ग्रॅ., तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस ३० मि.ग्रॅ. आणि सात ते नऊ वर्षांच्या बालकास १५ मि.ग्रॅ. लोह लागते. कुटुंबाची एकूण गरज ९३ मि.ग्रॅ. झाली. समजा, घरात दररोज बरोबर ९३ मि.ग्रॅ. लोह देणारे अन्न शिजले आणि ते उपभोग एककांच्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येकाच्या भुकेच्या प्रमाणात, वाढले गेले. तर वडिलांच्या वाट्यास सुमारे २६.५, आईच्या वाट्यास २१, मुलीच्या वाट्यास २६.५ व मुलाच्या वाट्यास १८.५ मि.ग्रॅ. येईल. घरातील एकूण हिशेब काटेकोर जुळला असूनही आईस ८ मि.ग्रॅ. आणि मुलीस साडेतीन मि.ग्रॅ. कमी पडले, वडिलांना साडेसात मि.ग्रॅ. अधिक मिळाले. येथे कोणी कोणावर अन्याय केलेला नाही, कोणी उपाशी राहिलेले नाही. घरात उशिरा जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास तळाचे वरण व उरलेली भाजी येते ही गोष्ट तर या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरल्यास तफावत आणखी वाढते. तात्पर्य, उष्मांकाच्या मापाने पूर्ण भरलेले घर लोहाच्या मापाने अर्धे रिकामे असू शकते, आणि ते रिकामेपण घरातील दोन विशिष्ट व्यक्तींच्या ताटातच साठते.

महिन्याची गरज व तिचा खर्च

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद हिने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत सुमारे २,००० उष्मांकांच्या ताटाचा आराखडा दिला आहे. त्यात तृणधान्ये सुमारे २५० ग्रॅ., डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅ., बटाटा वगळून भाज्या ४०० ग्रॅ., फळे १०० ग्रॅ., तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅ., तेल-तूप २७ ग्रॅ. आणि दूध किंवा दही ३०० मि.लि. असे प्रमाण आहे. वरील कुटुंबाची एकत्रित उष्मांकांची गरज अशा जवळजवळ चार ताटांइतकी येते. त्यानुसार महिन्यास ३० किलो धान्य, १० किलोंहून थोडी अधिक डाळ-कडधान्ये, ४८ किलो भाजी, १२ किलो फळे, सव्वाचार किलो शेंगदाणे-तीळ-जवस, सव्वातीन किलो तेल आणि ३६ लिटर दूध लागेल.

या यादीतील डाळींचा आकडा बहुतेक गृहिणींना व अनेक प्राध्यापकांनाही अवास्तव वाटेल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत दरडोई मासिक डाळींचा उपभोग ग्रामीण भागात ०.८ किलोच्या व नागरी भागात ०.९ किलोच्या आसपास होता; चार माणसांत तो साडेतीन किलो होतो. म्हणजे सध्याच्या सवयीची डाळ आणि शिफारशीची डाळ यांत जवळपास तिपटीचे अंतर आहे. तेलाच्या बाबतीत चित्र बरोबर उलट असते. चार माणसांच्या घरात महिन्यास पाच किलोचा डबा ही नित्याची बाब झाली आहे.

खर्चाचा अंदाज काढण्यासाठी काही भाव गृहीत धरणे भाग आहे. ते गावोगावी व ऋतुपरत्वे बदलतात. अभ्यासकाने आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब पुन्हा करावा हे बरे. धान्य सरासरी ४० रुपये किलो, डाळी-कडधान्ये १०५, भाजी ४५, फळे ६०, तेलबिया १५०, तेल १६० आणि दूध ५८ रुपये लिटर असे धरल्यास एकूण खर्च सुमारे ८,४०० रुपये होतो. मीठ, मसाला, गूळ, चहा यांचे ७०० रुपये मिळवता ९,१०० रुपये, म्हणजे दरडोई सुमारे २,२७५ रुपये. आता पुन्हा आरंभीच्या आकड्यांकडे वळल्यास, २०२३-२४ मध्ये नागरी भागातील सरासरी दरडोई अन्नखर्च सुमारे २,७७५ रुपये व ग्रामीण भागातील १,९४० रुपये होता. याचा अर्थ, सरासरी नागरी कुटुंब हे ताट आजच्या खर्चातच घेऊ शकते. सरासरी ग्रामीण कुटुंबास ते थोडक्यात हुकते. शिधापत्रिकेवरील मोफत धान्य, घरचे दूध अथवा परसातील भाजी असेल तर तेही अंतर बऱ्याच अंशी भरून निघते. सरासरीखालच्या कुटुंबांना मात्र नियोजनाचा उपदेश पुरणार नाही. त्यांना उत्पन्नच हवे, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. पोषणविषयक लेखनात गरिबाच्या अज्ञानावर बोट ठेवण्याची जी सवय दिसते ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

किलोचा भाव आणि प्रथिनांचा भाव

वरील खर्चात भाजी, फळे व दूध यांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. डाळी-कडधान्यांचा, प्रमाण तिप्पट करूनही, जेमतेम १२ टक्के. तरीही महागाई वाढली की घरात पहिल्यांदा पातळ होते ते वरण. तूरडाळीचा किलोचा भाव डोळ्यांत भरतो, बिस्किटाच्या दहा रुपयांच्या पुड्याचा भरत नाही. किलो हे तुलनेचे फसवे माप आहे. म्हणून पदार्थाच्या किमतीऐवजी त्यातून मिळणाऱ्या १० ग्रॅम प्रथिनांची किंमत काढणे इष्ट ठरते. पुढील तक्त्यातील प्रथिनांचे प्रमाण मुख्यतः २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांवर आधारलेले असून भाव गृहीत आहेत.

तक्ता क्र. १ : दहा ग्रॅम प्रथिनांची अंदाजे किंमत

| पदार्थ | गृहीत भाव (रु.) | १०० ग्रॅममधील प्रथिने (ग्रॅ.) | १० ग्रॅ. प्रथिनांची किंमत (रु.) |
|---|---|---|---|
| सोयावडी | १५० किलो | सुमारे ५० | ३.०० |
| बाजरी | ३५ किलो | ११.० | ३.२० |
| मसूरडाळ | ९० किलो | २४.४ | ३.७० |
| हरभरा (अख्खा) | ८० किलो | १८.८ | ४.२५ |
| ज्वारी | ४५ किलो | १०.० | ४.५० |
| शेंगदाणे | १४० किलो | २३.७ | ५.९० |
| मटकी | १२० किलो | १९.८ | ६.१० |
| तूरडाळ | १४० किलो | २१.७ | ६.४५ |
| अंडे | ७ नग | एका नगात सुमारे ६.५ | १०.७५ |
| गाईचे दूध | ६० लिटर | ३.३ | १८.०० |
| साधी बिस्किटे | १२५ किलो | सुमारे ७ | १८.०० |
| पनीर | ४०० किलो | १८.९ | २१.०० |

दुधात घालावयाच्या माल्टयुक्त पुडांचा येथे समावेश केलेला नाही. त्यांत प्रथिने १० टक्क्यांच्या आसपास असतात व भाव किलोस चार-साडेचारशे रुपयांपर्यंत जातो; म्हणजे १० ग्रॅम प्रथिनांस ४० रुपयांहून अधिक. ‘आरोग्यपेय’ अशी कोणतीही व्याख्या अन्नसुरक्षा कायद्यात नसल्याने एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-व्यापार संकेतस्थळांना अशी पेये त्या शीर्षकाखाली न ठेवण्याची सूचना दिली होती.

तक्ता वाचताना दोन पथ्ये पाळावीत. धान्यातील प्रथिने स्वस्त असली तरी त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते; डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी असते. भाकरी आणि उसळ, भात आणि वरण या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून केवळ बाजरी स्वस्त म्हणून तीवरच विसंबता येणार नाही. दुसरे असे की दूध या तक्त्यात महाग दिसते, परंतु त्याचे मोल कॅल्शियमसाठी आहे. दूध परवडत नसेल तेथे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मि.ग्रॅ. कॅल्शियम असलेली नाचणी, तीळ व शेवग्याचा पाला यांचा आधार घेता येतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नाचणीची बिस्किटे व ज्वारीचे चिवडे दुकानांतून दिसू लागले आहेत. त्यांत नाचणीपेक्षा मैदा, साखर व तेलच अधिक नाही ना, हे वेष्टनावरील घटकांचा क्रम पाहून ठरवावे. भाकरीस जाहिरात लागत नाही, म्हणून ती कोणी विकत नाही.

लोहाचा हिशेब

वर दाखविलेली लोहाची तूट भरून काढण्यास अधिक पैसा लागतो का, हे दोन दिवसांच्या आहाराची तुलना करून पाहता येते. पहिला दिवस शहरातील सर्वसाधारण घराचा : सकाळी ५० ग्रॅम पोह्यांचे पोहे, दिवसभरात १५० ग्रॅम तांदळाचा भात, १२० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण व १५० ग्रॅम बटाट्याची भाजी. दुसरा दिवस : १५० ग्रॅम बाजरीच्या व १०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरी, ४० ग्रॅम मटकीची मोड आणून केलेली उसळ, ४० ग्रॅम मसूरडाळीची आमटी, १०० ग्रॅम मेथी व २० ग्रॅम दाण्याचे कूट. तेल, दूध दोहोंकडे सारखेच मानून वगळले आहे. दोन्हींतून १,२५० ते १,३०० उष्मांक मिळतात. तक्त्यातील व त्याच धर्तीच्या गृहीत भावांनी पहिल्याचा खर्च सुमारे २५ व दुसऱ्याचा २६ रुपये येतो. पहिल्यातून ३७ ग्रॅम प्रथिने व जेमतेम १० मि.ग्रॅ. लोह मिळते, दुसऱ्यातून ५२ ग्रॅम प्रथिने व २६ मि.ग्रॅ. लोह. रुपयाचा फरक आहे, लोहाचा अडीचपट.

येथे अध्यापकांसाठी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. डॉ. गोपालन व सहकाऱ्यांचे १९७१ पासून वापरात असलेले अन्नघटकांचे तक्ते आपल्या अनेक महाविद्यालयांत आजही प्रमाण मानले जातात. त्यात पोह्यांतील लोह १०० ग्रॅममागे २० मि.ग्रॅ. दिले आहे, २०१७ च्या तक्त्यांत ते साडेचार मि.ग्रॅ.च्या आसपास आहे. आवळ्यातील क जीवनसत्त्व ६०० मि.ग्रॅ.वरून सुमारे २५० वर आले आहे. विश्लेषणाच्या पद्धती बदलल्या, नमुने बदलले. जुन्या आकड्यांवर बेतलेला ‘लोहयुक्त न्याहारी’चा तक्ता परीक्षेत गुण मिळवून देईल, रक्तातील लोह वाढविणार नाही.

शिवाय पोटात गेलेले सर्वच लोह शरीरात शोषले जात नाही. वनस्पतिजन्य लोहाचे शोषण मुळातच कमी असते. धान्य-कडधान्यांतील फायटेट व चहातील टॅनिन ते आणखी घटवितात, तर क जीवनसत्त्व ते वाढविते. यावरून स्वयंपाकघरातील काही जुन्या रीतींचा अर्थ लागतो. कडधान्य भिजवून मोड आणल्याने फायटेट कमी होते. उसळीवर पिळलेले लिंबू, भाकरीबरोबरचा कच्चा कांदा-टोमॅटो, थंडीतील पेरू यांमुळे त्याच अन्नातील लोह अधिक लागी पडते. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा पदरचे लोह वाया घालवितो. चहा तासाभराने पुढे ढकलण्यास काहीच खर्च येत नाही. आहारनियोजनातील ही बहुधा सर्वांत स्वस्त सुधारणा होय. मांसाहारी कुटुंबात मासे-मटणातील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. कोकणात पावसाळ्यासाठी साठविलेली सुकट व जवळा थोड्या प्रमाणातही प्रथिने व कॅल्शियम यांची भर घालतात. मात्र खारवलेली असल्यास ती धुऊन घेऊन आमटीत मीठ बेताने घालावे.

ऋतू, प्रदेश आणि भाजीचा खर्च

डाळीत काटकसर करण्यात अर्थ नाही असे एकदा मान्य केले की बचतीची खरी जागा भाजीबाजारात आहे हे लक्षात येते. तेथील भाव महिन्यागणिक दुप्पट-तिप्पट होतात व आहारशास्त्राच्या दृष्टीने एका भाजीस दुसरी पर्याय असते. टोमॅटो महागला तर चिंच, कोकम, कैरी यांनी आंबटपणा साधतो.

महाराष्ट्रातील ऋतुमानाचा विचार करता मार्गशीर्ष ते माघ हा काळ पोषणाचा सुगीचा काळ होय. मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याचा पाला, गाजर, पावट्याच्या व तुरीच्या ओल्या शेंगा, पेरू, आवळा, बोरे हे सर्व एकाच वेळी व स्वस्त मिळते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी केली जाणारी भोगीची भाजी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगे, बोरे, शेंगदाणे व तिळाचे कूट एकत्र शिजते, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी असते. तृणधान्य, शेंगवर्गीय, तेलबिया, भाजी, फळ व दुग्धजन्य पदार्थ असे सहाही गट एकाच ताटात येतात. हे ताट वर्षातून एकदाच वाढावे असा नियम नाही. महिनाभर ते आठवड्यास एकदा सहज वाढता येते.

वैशाख-ज्येष्ठात परिस्थिती पालटते. पालेभाज्या महागतात व लवकर कोमेजतात. जुन्या घरांत याच वेळी सांडगे, वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी कामास येत. फ्लॅटमध्ये गच्ची नाही, तरी खिडकीतील उन्हात दोन जुड्या मेथी वाळविणे अशक्य नाही. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची व किडकी येते. तेव्हा मोड आलेली कडधान्ये, शेवगा, भोपळा, दोडका यांवर भर द्यावा. अळू, टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या आठवडी बाजारात फार थोड्या दिवसांपुरत्या पण अल्प दरात मिळतात.

प्रदेशानुसारही पर्याय बदलतात. कोकणात नाचणी व कुळीथ, विदर्भात जवसाची चटणी, पश्चिम महाराष्ट्रात दाण्याचे कूट, मराठवाड्यात ज्वारी व करडई हे स्थानिक व परवडणारे आधार आहेत. कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने व आठ मि.ग्रॅ.हून अधिक लोह असते; तरीही शहरात स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबात पिठले पाहुणे गावाहून आले की होते, एरवी नाही.

खरेदीची रीत

यादी आधी की पदार्थ आधी, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी खर्चाचे स्वरूप त्यावर ठरते. बहुतेक घरांत मागील महिन्याची यादीच पुढे चालू राहते, आणि मग घरात जे आहे त्यातून पदार्थ ठरतात. तूरडाळच आणली असेल तर रोज वरणच होणार. याऐवजी आठवड्याचा स्थूल आराखडा प्रथम करावा. उदाहरणार्थ, चार दिवस उसळ (मटकी, हरभरा, मसूर, चवळी), तीन दिवस डाळ-पालेभाजी एकत्र, दोन वेळा अंडी किंवा मासळी, पाच दिवस एका वेळी भाकरी. त्यावरून किराण्याची यादी काढावी. किराणा महिन्यातून एकदा, कांदे-बटाटे पंधरवड्यास, भाजी आठवड्यातून दोनदा ही विभागणी बहुतेक नोकरदार घरांना जमते. दररोज भाजीस जाण्याने वेळ व अनावश्यक खरेदी दोन्ही वाढतात.

यादीच्या शिस्तीचे एक लक्षणीय उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारची कुटुंबे मिळून ग्राहकसंघ करावेत, प्रत्येकाने आपली महिन्याची मागणी आगाऊ लिहून द्यावी व एकत्र खरेदी केलेला माल संघातील एका घरी उतरवून सभासदांनी वाटून घ्यावा अशी पद्धत रुजविली. मध्यस्थ टळल्याने भाव व दर्जा यांचा लाभ झालाच. परंतु मागणीपत्रक महिन्याच्या आरंभी भरावे लागल्याने घरात आपोआप नियोजन होऊ लागले, हा त्याचा कमी चर्चिला गेलेला परिणाम होय. दुकानातील मोहक मांडणी यादीत शिरू शकत नाही.

रोजंदारीवरील कुटुंबास मात्र महिन्याची रक्कम एकदम काढता येत नाही. ते पाव किलो डाळ, तेलाची लहान पिशवी असे रोज घेते आणि तीच वस्तू किलोमागे अधिक भावाने विकत घेते. येथे बचत गटांची सामूहिक खरेदी उपयोगी पडू शकते. शिधावाटपातील धान्याचाही हिशेब नियोजनात धरला पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. चौघांचे २० किलो. धान्याची गरज त्याने दोन-तृतीयांश भागते. त्यातून वाचलेले आठशे रुपये डाळीकडे वळले तर डाळीची महिन्याची गरज पाऊण अंशाने भागेल. ते तिकडे वळतात की नाही, हेच कळीचे आहे.

ताटातील वाटप

शाळेतील मध्यान्ह भोजन हाही कुटुंबाच्या अन्नाचाच भाग समजावा. प्राथमिक वर्गात त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गात ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. योजना आठवीपर्यंत आहे. उदाहरणातील मुलगी नववीत गेली की तिचे हे जेवण थांबते, आणि लोहाची गरज मात्र याच सुमारास वाढलेली असते. घराच्या अंदाजपत्रकात या बदलाची नोंद सहसा होत नाही. मुलगी डब्यात पोळी-भाजी नेते. ती पुरली की नाही हे रिकाम्या डब्यावरून ठरविले जाते.

म्हणून नियोजनाचा तक्ता घरासाठी एकच न करता त्यात प्रत्येकाचा एक रकाना ठेवावा. स्वयंपाक वेगळा करावयाचा नाही; वाढणे वेगळे करावयाचे आहे. वडिलांना भाताची मूद एक अधिक चालेल, पण उसळीची वाटी आई व मुलगी यांच्या ताटात मोठी हवी. डाळ आटण्यापूर्वी, म्हणजे पहिली पंगत वाढण्याआधीच, उशिरा जेवणाऱ्या व्यक्तीची वाटी काढून झाकून ठेवणे ही साधी रीत परिणामकारक ठरते. चौघांनी एकत्र जेवणे त्याहून बरे. नोकरी, शाळा व नळाच्या वेळा यांमुळे ते रोज साधत नाही.

स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले असेल तर केवळ आहाराने ते भरून येण्यास फार काळ लागतो. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेणे आवश्यक असते व त्या शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. किशोरवयीन मुलींसाठी शाळांतून आठवड्यास एक गोळी देण्याचा कार्यक्रमही आहे. मळमळ होते म्हणून अनेक मुली ती टाळतात. ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहाबरोबर घेऊ नये.